जुने खेळाडू क्लबाकडे परत येतात ते कोणामुळे?

थ्रोइन · सोमवार, रात्री ९.१४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

एका छोट्या फुटबॉल क्लबाच्या समितीवर मी तीन वर्षं आहे. मागच्या वर्धापनदिनाला जुन्या खेळाडूंना बोलवायचं ठरलं. छापील पत्रं, खाली सचिवांची सही, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'. चाळीसएक पत्रं गेली, आले सहा जण. त्यातले दोघे समितीतल्यांचेच नातेवाईक. एका जुन्या लेफ्ट बॅकना (डावीकडचे बचावपटू) मी स्वतः फोन केला होता. ते शांतपणे म्हणाले, "मी सोडल्यापासून क्लबाचा हा पहिला फोन. फोटोत माणसं कमी पडतायत का?" मला उत्तर सुचलं नाही.

आता नव्या अध्यक्षा आल्यात. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "आपल्याकडून आजवर कोण कोण खेळलं, याची यादी आहे का?" करंडकांची होती. देणगीदारांची होती. खेळलेल्यांची नव्हती.

माझं मत असं की माजी खेळाडू दुरावतात ते वरच्या माणसांमुळे, आणि परत येतात तेही वरच्या माणसांमुळेच. तुम्हाला काय वाटतं? मोठ्या क्लबांची उदाहरणं चालतील, स्वतःचे अनुभव तर हवेतच. 'नेतृत्व म्हणजे काय' छापाच्या व्याख्या मात्र नकोत प्लीज.

---

कट्ट्यावरचा · सोमवार, रात्री ९.२०

पहिल्या रांगेत जागा धरली आहे. चालू द्या.

---

ऑफसाईड_मास्तर · सोमवार, रात्री १०.०२

सहमत, आणि याचं सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडचा न्यूकॅसल क्लब. ॲलन शिअररने या क्लबासाठी २०६ गोल केले. माइक ॲशली मालक असताना २०१३ मध्ये स्टेडियममधल्या 'शिअरर्स' बारचं नाव बदललं गेलं. २०१६ मध्ये शिअररचा पुतळा उभा राहिला तोही क्लबाच्या हद्दीबाहेर, नगरपालिकेच्या जागेवर. म्हणजे ज्याच्या नावावर सर्वांत जास्त गोल तो फुटपाथवर!

तिथलाच माजी खेळाडू केव्हिन कीगन, त्याचं प्रकरण त्याहून वाईट. २००८ मध्ये प्रशिक्षक म्हणून परत आणलं आणि त्याला नको असलेला खेळाडू त्याच्या माथी मारला. तो सोडून गेला, प्रकरण लवादापुढे गेलं, लवादाने कीगनच्या बाजूने २० लाख पौंडांचा निकाल दिला. ॲशली आहे तोवर स्टेडियमची पायरी चढणार नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मालक बदलले. महिन्याभरात बारचं जुनं नाव परत आलं. एप्रिल २०२२ मध्ये पुतळा उचलून स्टेडियमच्या आवारात आणला. पुतळा तोच, शिअरर तोच, गोलही तेवढेच. बदलली फक्त वरची माणसं.

---

निळी_जर्सी · सोमवार, रात्री १०.३१

मास्तर, उदाहरण खरं, पण त्याला चांगलं नेतृत्व म्हणायला माझी जीभ रेटत नाही. क्लब विकला गेला तेव्हा ८० टक्के मालकी सौदी अरेबियाच्या सरकारी निधीकडे गेली. असल्या मालकाला सगळ्यात आधी काय हवं असतं? लोकांचं प्रेम. आणि ते सगळ्यात स्वस्तात कसं मिळतं? पुतळा तीस पावलं सरकवून. हा जनसंपर्क झाला हो.

---

ऑफसाईड_मास्तर · सोमवार, रात्री १०.३८

असेल. पण मग आधीच्यांना तेवढंही का जमलं नाही?

---

निळी_जर्सी · सोमवार, रात्री १०.४०

ते आहेच म्हणा.

---

डावखुरी · सोमवार, रात्री ११.५५

पुतळे, बार, स्टँडची नावं हे सगळं नंतरचं. मला विचाराल तर या विषयावरची खरी गोष्ट गेर्ड म्युलरची.

बायर्न म्युनिकसाठी याने बुंडेसलीगा या जर्मन लीगमध्ये ३६५ गोल केले. तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. एवढ्या माणसाचा निरोप कसा झाला? फेब्रुवारी १९७९ मध्ये फ्रँकफर्टविरुद्ध प्रशिक्षकाने त्याला सामन्यातून बाहेर घेतलं, त्याला तो अपमान वाटला आणि तो अमेरिकेला निघून गेला. तिथे काही वर्षं खेळला. म्युनिकला परतला तेव्हा हातात काम नव्हतं. हळूहळू दारू. संसार मोडायला आला.

त्याच १९७९ मध्ये बायर्नची व्यवस्थापकीय सूत्रं उली होनेसकडे आली होती. वय २७, गुडघा निकामी झाल्याने खेळ संपलेला. होनेस आणि म्युलर एकत्र खेळलेले. १९९१ मध्ये होनेस, बेकेनबाउअर वगैरे जुन्या साथीदारांनी म्युलरला व्यसनमुक्तीसाठी दाखल व्हायला भाग पाडलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. बरा झाल्यावर त्याला शोभेची खुर्ची दिली नाही, काम दिलं. रोज सकाळी मैदानावर यायचं, पोरांना शिकवायचं. पुढे तो बायर्नच्या दुसऱ्या संघाचा साहाय्यक प्रशिक्षक झाला. लाम, श्वाइनस्टायगर, थॉमस म्युलर ही सगळी पोरं त्याच संघातून वर आली.

नंतर त्याला अल्झायमर झाला. २०१५ मध्ये क्लबाने कुटुंबाच्या वतीने ते जाहीर केलं. मे २०२१ मध्ये बायर्नच्याच लेवांडोव्स्कीने एका मोसमातल्या त्याच्या ४० गोलांची बरोबरी केली तेव्हा जर्सी वर करून आतला म्युलरचा फोटो दाखवला. त्याच ऑगस्टमध्ये म्युलर गेला. त्याचा पुतळा स्टेडियमबाहेर उभा राहिला तो २०२३ मध्ये.

क्रम बघा. आधी माणूस सावरला, मग काम दिलं, आजारात सोबत केली, आणि पुतळा सगळ्यात शेवटी. बहुतेक क्लब नेमका उलटा क्रम लावतात, आणि पुतळ्यावरच थांबतात.

---

जुनाजाणता · मंगळवार, सकाळी ६.४८

डावखुरीताई, दंडवत. सकाळी सकाळी डोळे ओले केलेत.

---

चौथा_पंच · मंगळवार, सकाळी ९.१०

प्रतिसाद उत्तम, पण होनेसला एवढं डोक्यावर घेऊ नका. २०१४ मध्ये हा गृहस्थ करचुकवेगिरीसाठी साडेतीन वर्षांची शिक्षा घेऊन आत गेला होता, आणि बाहेर आल्यावर २०१६ मध्ये क्लबाने त्याला परत अध्यक्ष केलं. जुन्या सोबत्यांचं प्रेम दोन्ही बाजूंनी कापतं.

त्याच बायर्नने ऑलिव्हर कानला मुख्य कार्यकारी केलं आणि मे २०२३ मध्ये, संघाने लीग जिंकली त्याच दिवशी, काढल्याचं जाहीर केलं. माजी गोलकीपर, माजी कर्णधार, सगळं असून. नेदरलँड्सच्या आयॅक्सचं तर काय सांगावं! २०११ मध्ये क्रॉयफ आणि त्याच्या भोवतीचे माजी खेळाडू क्लब ताब्यात घेऊ पाहत होते, पर्यवेक्षक मंडळातल्या बाकीच्यांनी क्रॉयफला न विचारता माजी प्रशिक्षक व्हॅन गालला संचालक नेमलं, आणि एकाच क्लबाचे थोर लोक कोर्टात एकमेकांसमोर उभे राहिले. नेमणूक टिकली नाही. पुढे २०१५ मध्ये क्रॉयफनेही अंग काढून घेतलं.

तेव्हा धागाकर्त्यांना विनंती, 'जुन्यांशी नातं जोडणे' आणि 'जुन्यांच्या हाती क्लब देणे' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

---

मीही_खेळलोय · मंगळवार, सकाळी ९.३३

आमच्या समितीत दोन माजी खेळाडू आहेत. एक सेंटर फॉरवर्ड, एक गोलकीपर. बैठकीत पण एक मारतो, दुसरा अडवतो.

---

शुद्धलेखन_सम्राट · मंगळवार, सकाळी १०.०५

अवांतर : 'क्लबाचा' की 'क्लबचा'? अर्धे लोक एक लिहितायत, अर्धे दुसरं. इंग्रजी शब्दाला सामान्यरूप लावायची गरज नाही असं माझं मत.

---

डावखुरी · मंगळवार, सकाळी १०.२२

"बँकेत जातो" म्हणता की "बँकत जातो"?

---

शुद्धलेखन_सम्राट · मंगळवार, सकाळी १०.२४

बँक रुळली. क्लब रुळायचा आहे. असो, चर्चा चालू द्या.

---

जुनाजाणता · मंगळवार, दुपारी १.४०

चौथा पंच यांचा मुद्दा मी वेगळ्या बाजूने मांडतो. जुना माणूस सतत आसपास असणं नव्या माणसाला जड जातं, हेही खरं आहे.

बिल शँकली, लिव्हरपूलचा मॅनेजर. क्लबाला दुसऱ्या विभागातून वर काढलं, लीग जिंकून दिली, आणि जुलै १९७४ मध्ये अचानक पद सोडलं. पण सवय सुटेना. तो सरावाच्या मैदानावर यायचा. खेळाडू त्याला 'बॉस' म्हणायचे. आणि खरा बॉस, नवा मॅनेजर बॉब पेझली, बाजूला उभा! शेवटी शँकलीला न येण्याबद्दल सुचवण्यात आलं. ते त्याच्या मनाला फार लागलं. इतर क्लबांत आपलं जास्त अगत्याने स्वागत होतं, असं त्याने नंतर आत्मचरित्रात लिहिलं. १९८१ मध्ये तो गेला, पुढच्या वर्षी त्याच्या नावाचं फाटक उभं राहिलं.

यात खलनायक कोणी नाही, हे लक्षात घ्या. पेझलीला मोकळीक हवीच होती, आणि ती मिळाली म्हणून त्याने तीन युरोपियन कप जिंकले. चूक वरच्यांची. शँकलीसाठी कुठलीच जागा विचारपूर्वक ठरवलेली नव्हती. ना काम, ना खुर्ची, ना कधी यायचं ना कधी नाही. जागा ठरलेली नसली की माणूस सवयीने जुन्याच जागी जाऊन उभा राहतो.

आता त्याच क्लबाने आपला जुना खेळाडू केनी डॅल्ग्लिशच्या बाबतीत काय केलं बघा. मे २०१२ मध्ये मालकांनी त्याला मॅनेजर पदावरून काढलं. एरवी तिथेच कायमचं फाटलं असतं. पण ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच मालकांनी त्याला संचालक मंडळावर घेतलं, रोजच्या कारभाराची जबाबदारी न देता. २०१७ मध्ये एका स्टँडला त्याचं नाव. ज्यांनी काढलं त्यांनीच जाऊन परत बोलावणं, याला जिगर लागते. आणि डॅल्ग्लिशचंही मन मोठं, ते आलं म्हणून.

---

थ्रोइन · मंगळवार, रात्री ८.५०

सगळ्यांचे आभार. शँकलीची गोष्ट उद्या अध्यक्षांना वाचून दाखवणार.

पण एक अडचण आहे. म्युलर, शँकली, डॅल्ग्लिश हे सूर्य झाले. आमच्याकडे दोन मोसम राखीव बसून पंधरा सामने खेळलेला माणूस आहे. त्याचा ना पुतळा होणार, ना त्याला पद मिळणार. त्याला क्लबाशी जोडायचं तर नेमकं काय द्यायचं?

---

नोंदवही · मंगळवार, रात्री १०.१७

अशाच एका छोट्या क्लबाची माजी खेळाडूंची नोंद मी अकरा वर्षं ठेवतेय. नाव नको, पण थोडं सांगते.

मी सुरुवात केली तेव्हा जुन्या यादीवरून पत्रं पाठवली. एका खेळाडूच्या घरून त्यांच्या पत्नीचा फोन आला. ते जाऊन चार वर्षं झाली होती. त्या रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "त्यांना आनंद झाला असता हो." त्या दिवसापासून मी पहिलं पत्र बंद केलं. आधी फोन. फोनवर क्लबाचं काम काढायचं नाही. तब्येत, घरचे, आणि मग एकच प्रश्न, तुमच्या बरोबरचे कोण कोण होते? ज्याला कुठलाही गोल आठवत नाही त्यालाही कोण शेजारी बसायचं ते आठवतं. एका माणसाकडून तीन नंबर मिळतात.

थ्रोइन, तुमच्या पंधरा सामनेवाल्याला काय द्यायचं? मी सांगते, त्याचे पंधरा सामने द्या. तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, हा कितव्या मिनिटाला उतरला. जुनी स्कोअरबुकं, वर्तमानपत्रांची कात्रणं धुंडाळून आम्ही प्रत्येकाचं एक पान केलं. एक गृहस्थ बारा सामने खेळलो म्हणत होते, आमच्या नोंदीत चौदा निघाले. ते पान नातवाला दाखवायला घेऊन गेले आणि पुढच्या सामन्याला नातवालाच घेऊन आले.

अध्यक्षांचं काम यात काय? वर्षातून दहा फोन त्यांनी स्वतः करायचे. बाकीचे मी करते. पण ते दहा कुठले, हे मी ठरवते, आणि त्यात स्टार एकही नसतो.

---

कट्ट्यावरचा · मंगळवार, रात्री १०.२९

वाखुसा (वाचनखूण साठवली). इतकंच.

---

गुडघेदुखी · मंगळवार, रात्री ११.३६

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून अजून कोणी न काढलेला विषय काढतो. तब्येत.

२०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण सामान्य लोकांच्या साडेतीन पट निघालं. २०२१ मध्ये जागेनुसार पाहिलं तर धोका सर्वांत जास्त बचावफळीला, आणि गोलकीपर जवळपास सामान्य लोकांइतकेच. डोक्याने चेंडू कोण मारतं, ते तुम्हीच बघा. (घाबरवायचं नाही. त्याच अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यू खेळाडूंत कमी होते.)

इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉम क्लबाचा जेफ ॲस्टल २००२ मध्ये ५९व्या वर्षी गेला. मृत्यूच्या चौकशीत कारण लिहिलं गेलं 'व्यावसायिक आजार', म्हणजे हेडिंग. त्यानंतर कुटुंबाला फुटबॉलच्या कारभाऱ्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागावं लागलं. चाहते प्रत्येक सामन्याच्या नवव्या मिनिटाला टाळ्या वाजवायचे, त्याचा नंबर ९ म्हणून. एप्रिल २०१५ मध्ये क्लबाने १९६८ च्या एफए कप अंतिम सामन्यासारखी जर्सी घालून त्याच्या स्मरणार्थ सामना खेळला. त्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल ॲस्टलचा होता.

एव्हर्टनकडे मात्र १९९९ पासून माजी खेळाडूंच्या उपचारांसाठी स्वतंत्र धर्मादाय संस्था आहे. शस्त्रक्रिया, गुडघे, खुबे. ज्या टॅकलवर स्टेडियम उभं राहून ओरडलं त्याचं बिल साठीत येतं. तेव्हा नोंदवही यांच्या फोनमध्ये एक प्रश्न वाढवा : गुडघे कसे आहेत?

---

निळी_जर्सी · बुधवार, सकाळी ८.०५

याला मात्र मी जनसंपर्क म्हणणार नाही. टोपी काढली.

---

चौथा_पंच · बुधवार, सकाळी ११.४८

शोभेच्या खुर्चीचा मुद्दा वर आलाय म्हणून टोट्टी. रोमासाठी ७८६ सामने, आयुष्यात दुसरा क्लब नाही. २०१७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याला संचालक केलं. जून २०१९ मध्ये त्याने पत्रकार परिषद घेऊन राजीनामा दिला. तक्रार काय, तर खेळाविषयीच्या निर्णयांत मला कोणी विचारतच नाही. मालक अटलांटिकपलीकडे, आणि टोट्टी फोटोपुरता. थ्रोइन यांचे लेफ्ट बॅक आणि टोट्टी, तक्रार एकच आहे!

माल्दिनीचं वेगळं. मिलानसाठी ९०२ सामने, तरी २००९ मध्ये सान सिरोवरच्या शेवटच्या सामन्यात आपल्याच कट्टर चाहत्यांच्या एका गटाने त्याची हुर्यो उडवली. २०१८ मध्ये क्लबाने त्याला खरं काम दिलं, २०२२ मध्ये लीग जिंकली, आणि जून २०२३ मध्ये नव्या मालकांनी त्याला घरी पाठवलं. म्हणजे जोडणं एका माणसाचं काम आणि तोडणंही एकाच. संस्थेला सवय लागली नसेल तर अध्यक्ष बदलला की पाटी कोरी.

---

रेषेबाहेरचा · बुधवार, दुपारी ४.२०

बॉबी मूरची गोष्ट कोणीच कशी काढली नाही? इंग्लंडला विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार. निवृत्तीनंतर एकदा वेस्ट हॅमचा सामना बघायला आला आणि तिकीट नाही म्हणून त्याला उठवलं, असं त्याचा सहकारी हॅरी रेडनॅप सांगायचा. १९९३ मध्ये मूर गेला, मग स्टँडला नाव, २००८ मध्ये ६ नंबरची जर्सी निवृत्त.

आता जर्सी निवृत्त, तेव्हा एक तिकीट नाही.

---

मीही_खेळलोय · बुधवार, दुपारी ४.३१

आमच्याकडे उलट. तिकीटच नाही, मैदानाला कुंपणही नाही, तरी कोणी येत नाही.

---

जुनाजाणता · बुधवार, रात्री ९.१२

एक सुखद उदाहरण देऊन माझं पुराण थांबवतो. प्रशिक्षक आर्सेन वेंगर २०१८ मध्ये २२ वर्षांनी आर्सेनल सोडून गेला तो त्या स्टेडियमकडे फिरकलाच नाही. मिकेल आर्टेटा त्याच्याच हाताखाली कर्णधार होता. हा प्रशिक्षक झाल्यावर जाहीरपणे म्हणत राहिला की वेंगर आपल्या जवळ असायला हवेत. नव्या प्रशिक्षकाला जुन्याची सावली नको असते, शँकलीच्या वेळी पाहिलंच आपण. इथे नवाच बोलावत होता. २६ डिसेंबर २०२२ ला वेंगर आला, प्रेक्षकांत बसून सामना पाहिला. आर्सेनलने वेस्ट हॅमला ३-१ हरवलं. पुतळा पुढच्या वर्षी झाला.

यातलं मला आवडलं ते हे की चार वर्षं कोणी घाई केली नाही, आणि बोलावणं थांबवलंही नाही.

---

थ्रोइन · पुढचा सोमवार, रात्री १०.४४

मंडळी, धागा वर काढतोय. थोडी प्रगती.

अध्यक्षांना सगळा धागा छापून दिला. त्यांनी नोंदवहीताईंच्या प्रतिसादाखाली लाल रेघ मारली आणि त्याच संध्याकाळी लेफ्ट बॅकना फोन लावला. मी शेजारी होतो. कार्यक्रम, वर्धापनदिन, काहीही काढलं नाही. आधी म्हणाल्या, "मागचं पत्र आमच्याकडून चुकीचं गेलं." मग गुडघे विचारले. (गुडघेदुखी, उजवा बदललाय.) मग बरोबरचे कोण कोण होते.

चाळीस मिनिटं बोलणं झालं. सोडून का गेलात, हे अध्यक्षांनी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. नवीन मोसमाची यादी फळ्यावर लागली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ते किट परत द्यायला आले, तर ते घ्यायलाही कोणी नव्हतं, म्हणून दाराशी ठेवून गेले. एवढंच.

येतो म्हणाले नाहीत. आम्हीही या म्हटलं नाही. "यादी करताय तर पाठवा, बघतो," म्हणाले. आमच्याकडे जमलेली एकतीस नावं पाठवली. आज ती परत आली. पेन्सिलीने सतरा नावं वाढवलेली, त्यातल्या पाचांपुढे फोन नंबर, तिघांपुढे बारीक फुली. मैदान आखणाऱ्या माळ्याचंही नाव घातलंय, 'हा सगळ्यांच्या आधी हवा' असा शेरा मारून.

आणि स्वतःच्या नावापुढे आम्ही लिहिलेलं 'लेफ्ट बॅक' खोडून 'लेफ्ट हाफ' केलंय. खाली दोन रेघा.

संपादक, माझ्या पहिल्या पोस्टमध्ये तेवढं दुरुस्त करता येईल का?

---

शुद्धलेखन_सम्राट · पुढचा सोमवार, रात्री १०.५१

करणारच असाल तर 'क्लबाचा' पण बघा.